तू संदर्भ सांगायचीस

सुजाता,

तुझं-माझं शेवटचं भांडण एका स्वल्पविरामावरून झालं, हे मी कुणाला सांगू?

भेटायला माणसं येतात. सतरंजीवर बसतात, चहा घेतात, तुझ्या फोटोकडं बघून म्हणतात, "लई गुणाची होती. कधी आवाज चढला न्हाई तिचा." मी मान हलवतो. आई आतून हळूच माझ्याकडं बघते. तिला माहीत आहे. तुझा आवाज चढायचा, आणि चढला की तू शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायचीस. "आपण विषयाला धरून बोलाल का?" असं तू म्हणालीस की मी आणि आई दोघंही समजून जायचो, आज काही खरं नाही.

एरवी तू आमच्यासारखीच बोलायचीस. शिरड शहापूरची पोरगी, हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवणारी. आणि नवरा कोण, तर सेनगावजवळच्या गोरेगावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा. लग्न ठरलं तेव्हा तुझ्या मैत्रिणींनी तुला विचारलं होतं म्हणे, "त्याच्यासंगं बोलशील काय?" हे तू मला लग्नानंतर सांगितलंस, आणि वर म्हणालीस, "मी म्हणलं, त्यो ऐकून घेतो, तेवढं बास हाय." मी काही तेवढा ऐकून घेणारा नव्हतो. पण तुझा तसा समज झाला, त्यात माझं भलं झालं.

पीएचडीचा तुझा विषय मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी हसलो होतो. हळदीच्या शेतात काम करणाऱ्या बायकांची बोली. म्हटलं, ही तर आपल्या आईची रोजची बोलणी. यावर कोण पदवी देतं?

"देत न्हाईत," तू म्हणालीस. "घ्यावी लागती."

मग तू आईच्या टोळीत जाऊन बसायला लागलीस. रविवार असला की फोन पदराखाली धरून, बायकांसोबत मातीत. त्या गड्डे मोडायच्या, तू त्यांचं बोलणं टिपायचीस. पहिले काही दिवस त्या तुझ्यासमोर रेडिओवर बोलल्यासारख्या बोलल्या. मग आईनं त्यांना सांगितलं, "आगं, ती मास्तरीण न्हाई, माझी सून हाय, तिच्यापुढं शिव्या बी दिल्या तरी चालतेत." तिथून पुढं तुझं काम खरं सुरू झालं.

प्रबंध अर्ध्यात असताना तुझे पाय सुजायला लागले. आपण दोघंही म्हणालो, उभं राहून शिकवतेस, त्यानं असेल. मग चेहरा सुजला. मग डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या. तू त्यांना विचारलंस, "दोन्ही म्हणजे, दोन्ही?" ते हो म्हणाले. त्या दिवशी जीपनं घरी येताना मी सगळ्या रस्त्याला कुणाकुणाच्या मोटारी दुकानात पडून आहेत तेच सांगत राहिलो. दुसरं काय सांगू, सुचत नव्हतं.

हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, एका वेळी चार तास. तुझ्या डाव्या हातात दोन सुया, हात पट्टीला बांधलेला, हलवायचा नाही. तुझे गाईड सर फोनवर म्हणाले, "मॅडम, तब्येत आधी. वर्षभर थांबू आपण." तू "बरं सर" म्हणालीस. आणि पुढच्या वेळी डायलिसिसला निघताना पिशवीत चादरीखाली लॅपटॉप घातलास.

"हे काहून?" मी विचारलं.

"हात बांधलेला राहतो. तोंड तर मोकळंच हाय ना. मी सांगते, तुमी टाका."

"काय टाकू?"

"संदर्भ."

तुझ्या कॉलेजात इंग्रजीच्या नवीन मॅडम आल्या होत्या, त्यांनी तुझ्या लॅपटॉपवर ते संदर्भांचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. जे पुस्तक वाचलं, जो लेख वापरला, त्याची माहिती त्यात एकदा भरून ठेवायची. लेखकाचं आडनाव एका रकान्यात, नाव दुसऱ्यात, मग वर्ष, पुस्तकाचं नाव, गाव, प्रकाशक. पुढं प्रबंध लिहिताना जिथं त्या पुस्तकाचा आधार घेतला तिथं बटण दाबायचं, की संदर्भ तिथं आपोआप बसतो आणि शेवटची सूची आपली आपण तयार होते. इंग्रजी लेखांचं सोपं होतं, इंटरनेटवरून सगळी माहिती एका दाबात आत यायची. मराठी पुस्तकं मात्र त्याला सापडायची नाहीत. ती एकेक करून हातानं भरावी लागायची, आणि तुझी निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी.

आईला तू हे समजावून सांगितलंस तेव्हा तिनं लॅपटॉपच्या मागं वाकून बघितलं. "पुस्तकं हायत कुठं मग?"

"पुस्तकं लायब्ररीत, आत्याबाई. हितं नुसती नावं."

"नुसत्या नावाला येवढा खटाटोप?"

"व्हय," तू म्हणालीस. "नावालाच."

पहिल्या दिवशी मी एका बोटानं टाइप करत होतो. तांब्याची तार बोटाला सवयीची, ते बटणं नाहीत. तू सांगशील ते सगळं मी इमानदारीनं आडनावाच्या रकान्यात घालत गेलो, "प्रा. डॉ." सकट. तासाभरानं तू म्हणालीस, बघू, सूची काढा. काढली. सगळे लेखक 'प्र'मध्ये. एकही माणूस दुसऱ्या अक्षरात नाही. तू इतकी हसलीस की हात हलला, मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर पळत आल्या. "मॅडम, हलू नका ना!" तू डोळे पुसत म्हणालीस, "सिस्टर, ह्यांनी समद्यांना प्राध्यापक केलं."

कित्येक आठवड्यांनी तू हसली होतीस. मी पुढच्या वेळी मुद्दाम एक-दोन चुका केल्या. तुला कळलं होतं का? कळलंच असेल.

हळूहळू हात बसला. तू डोळे मिटून सांगायचीस, "आडनाव... नाव... वर्ष... गाव पुणे... न्हाई, थांबा, औरंगाबाद," आणि मी टाकायचो. सगळा वॉर्ड ऐकायचा. ऐकण्याशिवाय तिथं दुसरं काय होतं! शेजारच्या पलंगावर रज्जाकचाचा असायचे. मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळदीची छोटीशी खरेदी-विक्री करून थकलेले, आता मुलगा सांभाळतो. त्यांना वाटायचं आपण लग्नाच्या पत्रिका काढतोय. नंतर कळलं तरी गंमत सोडली नाही. आले की विचारायचे, "क्या बेटी, आज किस-किस को बुलाया?"

"आज लोकसाहित्यवाले हायत चाचा. चांगले लोक हायत."

"बराबर है. बुलाओ, बुलाओ."

एकदा मी टाइप करत असताना चाचा मध्येच म्हणाले, "ये साहब तो पिछली बार आके गए." आपण बघितलं. खरंच, तेच पुस्तक आधी भरलेलं होतं. तू म्हणालीस, "चाचा, तुमच्यामुळं एक माणूस दोनदा जेवला न्हाई." सगळा वॉर्ड हसला. तशी त्या सॉफ्टवेअरला दुहेरी नोंद दाखवण्याची सोय होती, हे आपल्याला फार नंतर कळलं. तोवर चाचाच ते काम करत होते.

आणि तो 'अँड' आठवतो? दोन लेखकांचं मराठी पुस्तक असलं की सूचीत दोन नावांच्या मध्ये इंग्रजी 'अँड' येऊन बसायचा. सगळं मराठीत आणि मध्येच तो. तू म्हणायचीस, काढा त्याला. मी खोडून 'आणि' लिहायचो. पण पुढचा संदर्भ घातला की सूची ताजी व्हायची आणि हा परत हजर. तू वैतागून म्हणालीस, "हा तर तुमच्या चुलत्यावानी हाय. किती बी वाटं लावा, जेवायच्या टायमाला दारात." शेवटी इंग्रजीच्या मॅडमनीच त्याची आतली कुठली तरी फाईल बदलून दिली. त्या दिवशी चुलते खरंच घरी आले, आणि तू त्यांना इतक्या प्रेमानं वाढलंस की त्यांना संशय आला.

नोंद करताना तिथं एक छोटी यादी उघडायची. समोरचा माणूस लेखक आहे की संपादक की अनुवादक, ते निवडायचं. मी एकदा विचारलं, "टाइप करणाऱ्याचा रकाना हाय का ह्यात?"

"न्हाई."

"मग मी कोण?"

तू डोळे न उघडता म्हणालीस, "तुमी माझे प्रकाशक." मग थोड्या वेळानं, "स्थळ, गोरेगाव."

मी ते खरं मानून चार दिवस गावात ऐटीत फिरलो.

सुजाता, मला पुस्तकांचं काही कळत नव्हतं. पण तू सांगत असताना मला आवाजावरून कळायला लागलं, कोणता लेखक तुझा आवडता आणि कोणता नाही. आवडत्याचं नाव तू सावकाश सांगायचीस. नावडत्याचं भरभर. एकदा एका मोठ्या माणसाचं नाव तू असं सांगितलंस, जसं आई ग्रामसेवकाचं घेते.

"पटत न्हाई का तुला ह्याचं?"

"अजिबात न्हाई. म्हणतो, बायांच्या बोलीत व्याकरण नसतं, नुसतं बोलणं असतं."

"मग काहून टाकती त्याचं नाव?"

तू डोळे उघडलेस. "ज्याच्यासंगं भांडायचं त्याचं नाव आधी समोर घ्यावं लागतं. न्हाई तर ते माघारी बोलणं होतं."

"आन् ज्याच्याकडून घेतलं त्याचं?"

"त्याचं नाव न घेता घेतलं तर त्याला तुमच्या दुकानात काय म्हणतेत?"

"चोरी."

"हितं बी तेच म्हणतेत."

एवढ्यात मला संदर्भ म्हणजे काय ते कळलं. तू वर्गात पोरांना हे असंच शिकवत असशील तर ती पोरं नशीबवान.

तुला रडताना मी त्या काळात एकदाच बघितलं. सुयांना नाही, मोजून प्यायच्या पाण्याला नाही. सगळे संदर्भ भरून झाले होते, चार प्रकरणं लिहून झाली होती, आणि विद्यापीठातून कळलं की संदर्भ देण्याची पद्धत बदलायची. तळटिपा चालणार नाहीत, मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष पाहिजे, सूचीही वेगळ्या रचनेची. शेकडो ठिकाणं. तू पलंगावर पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड वळवून रडलीस. म्हणालीस, "माझ्याकडं तेवढा वेळ न्हाई हो." वेळ नाही, हे तू तेव्हाच पहिल्यांदा म्हणालीस. आपल्याला लेकरू झालं नाही तेव्हासुद्धा तू 'अजून वेळ हाय' म्हणत म्हणत ते दुःख गिळलं होतंस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला.

इंग्रजीच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा, घाबरू नका. वर शैलीची यादी उघडा, हवी ती निवडा, आणि ओके करा." मी तुला दाखवायला लॅपटॉप तुझ्या पोटावर ठेवला. निवडलं. दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, नुसतं ते गोल फिरत राहिलं. आणि मग, सुजाता, तळटिपा एकामागून एक गेल्या. पान वर सरकत गेलं. ज्या त्या जागी कंस, कंसात नाव, नावापुढं वर्ष. शेवटची सूचीसुद्धा नव्या रचनेत शिस्तीत बसलेली.

तू बघत राहिलीस. "परत करा," म्हणालीस.

"काय परत करा?"

"आधीसारखं करा. मग परत असं करा."

मी केलं. सगळं आधीसारखं झालं. परत केलं. परत नवं झालं. तू हाताची टाळी वाजवायला गेलीस आणि आठवलं, एक हात बांधलेला आहे. मग तू माझ्या हातावर टाळी दिलीस. चाचा म्हणाले, "क्या हुआ, बेटी?" तू म्हणालीस, "चाचा, पाव्हणे समदे उठून दुसऱ्या पंगतीत बसले, एक बी हरवला न्हाई!" चाचांना काय समजलं कुणास ठाऊक, पण ते म्हणाले, "माशाल्ला."

आता ते भांडण.

तुझ्या प्रबंधात ज्या बायकांच्या मुलाखती होत्या त्यांची नावंही तुला संदर्भसूचीत हवी होती, लेखकांच्या शेजारी. परिशिष्टात नाही, सूचीतच. गाईड सर आधी नाही म्हणत होते, मग तू त्यांना राजी केलंस. आईची नोंद करायची वेळ आली. मी 'मुलाखत' हा प्रकार निवडला आणि टाकलं: पाईकराव, स्वल्पविराम, कौसाबाई.

"असं नको," तू म्हणालीस. "कौसाबाई पाईकराव टाका. एकाच रकान्यात. मधी स्वल्पविराम नको."

"समद्यांचं आडनाव आधी हाय. मायचं काहून नको?"

"पुस्तकं लिहिणाऱ्यांचं आडनावावर चालतं. हळदीत आत्याबाईंना पाईकराव म्हणून कोण वळखतं? तिथं त्या कौसाबाई हायत. शब्द त्यांचे हायत. मामा नव्हते हळदीत."

मला राग आला. तुला वाटलं मी उगीच अडून बसलोय. मी अडून बसलो होतो ते अप्पांसाठी, तू ज्यांना मामा म्हणायचीस त्यांच्यासाठी. गावानं माझ्या बापाला आयुष्यभर नुसत्या नावानं हाक मारली, तीसुद्धा अर्धी तोडून. पाईकराव म्हणून त्यांना कुणी बोलावलं नाही. मी दुकानाच्या पाटीवर आडनाव मोठ्या अक्षरात काढलं तेव्हा ते त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसायचे. मला ते आडनाव पुढं हवं होतं, स्वल्पविराम देऊन, थांबून वाचावं लागेल असं. आणि तुला त्यामागची बाई पुढं हवी होती. आपण दोघंही आपापल्या माणसासाठी भांडत होतो.

घरी येऊन मी आईलाच विचारलं. वाटलं, ती मुलाच्या बाजूनं बोलेल. आई भाकर थापत होती. म्हणाली, "माझं कसं बी टाका. पर वच्छलाबाईचं माझ्या आदी टाका, ती थोरली हाय."

"आत्याबाई, ते अक्षराप्रमाणं लागतं. क आधी येतो, व मागून."

"म्हंजी थोरलं-धाकलं कळत न्हाई त्याला?"

"न्हाई."

"मग कसली हुशार मशीन ती!" असं म्हणून आईनं भाकर तव्यावर टाकली आणि आपल्या दोघांचाही निकाल लावला.

तू केलंस ते शेवटी तुझ्या मनासारखंच. छापायला जायच्या आदल्या दिवशी हिंगोलीहून येताना तू मला जीपमध्ये सांगितलंस, सर हो म्हणाले, बायकांच्या नोंदी नावापासून करायच्या, आणि तसं का ते सांगणारी टीप जोडायची. मी म्हटलं, "तुझा प्रबंध हाय, तू बघ." तू म्हणालीस, "आपण विषयाला धरून बोलाल का?" आणि मग सेनगावपासून गोरेगावपर्यंत तू खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि मी ड्रायव्हरच्या पाठीकडं. फाट्यावर उतरताना मात्र तुझा तोल गेला आणि मी धरलं. धरलेला हात घरापर्यंत तसाच राहिला. 

नांदेडला प्रबंध सादर करायला गेलो तेव्हा तू ती आकाशी साडी नेसली होतीस. बांधलेल्या प्रती मी छातीशी धरून चाललो होतो आणि तू माझ्या मागं, दमत, थांबत. कार्यालयातल्या बाईंनी शिक्का मारला. बाहेर येऊन आपण कडुनिंबाखाली बसलो. तू आपली प्रत उचललीस, माझ्यासमोर धरलीस आणि काळ्या पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलंस. सुजाता विलास पाईकराव.

"हे बघा. मामांचं आडनाव. झालं समाधान?"

मी "हूं" म्हणालो. नुसतं हूं. समोर रसवंती होती, तुला दोन घोट उसाचा रस पाहिजे होता, आणि मी परवानगी आहे की नाही या विचारात पडलो. तू दोन घोट घेतलेस, तिसरा माझ्याकडं बघत घेतलास. तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी. म्हणायला पाहिजे होतं, झालं, सुजाता, समाधान झालं. आईच्या नोंदीबद्दल माझं अजूनही पूर्ण पटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. आजही मला तो स्वल्पविराम हवासा वाटतो. पण तुझी टीप मी परवा वाचली. तू असतीस तर अजून एकदा भांडलो असतो. जिंकलो नसतो.

त्यानंतर तुला ताप आला. आधी थंडी वाजली, मग ताप. हिंगोलीहून नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात संसर्ग गेलाय. तू गाडीत बोलत होतीस, आईनं औषध घेतलं का विचारत होतीस, तोंडी परीक्षेला कोणती साडी नेसायची ते सांगत होतीस. नांदेडला पोचल्यावर कमी बोललीस. मग बोलली नाहीस. त्यापुढचं मला लिहायचं नाही.

पुण्यानुमोदनाला तुझी कॉलेजातली पोरं आली होती, हळदीतल्या बायका आल्या होत्या, गाईड सरही आले होते. वच्छलाबाई तुझ्या फोटोसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "लेकरू आमच्यात बसून बसून पिवळं झालं व्हतं." मी तेव्हा रडलो नाही. नंतर दुकानात, तारेचं वेटोळं हातात असताना रडलो. समोर गिऱ्हाईक होतं. ते बिचारं मोटार तिथंच ठेवून निघून गेलं.

परवा हिंगोलीला डायलिसिसच्या वॉर्डात गेलो होतो. तुझी चादर आणि उशी तिथं राहिली होती. सिस्टरनी धुऊन, घडी करून ठेवली होती. त्या माझ्याशी दोन शब्द बोलल्या आणि कामाला लागल्या. मी निघालो होतो, तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून हात वर झाला. रज्जाकचाचा. त्यांच्या हातात सुया होत्या, मुलगा मोंढ्यात अडकला होता, जवळ कुणी नव्हतं. तुझ्या पलंगावर दुसरा माणूस झोपलेला होता.

"बैठो ना," चाचा म्हणाले.

मी स्टूल ओढून बसलो. लॅपटॉप नव्हता, हातांना काय काम द्यावं कळेना.  चाचांचे डोळे भरलेले होते, आणि मोकळ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलेलं होतं. मी रुमालानं पुसले.

मग ते म्हणाले, "एक बात पूछूं? इतने दिन बेटी नाम बोलती थी. नाम, गाँव, साल. हमने सब सुने. मगर किताब में बात क्या लिखी, वो कभी नहीं बोली."

मी थांबलो. खरंच की, सुजाता. त्या वॉर्डानं तुझी सगळी माणसं ऐकली, तुझं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं.

मला वाटलं, मला काय सांगता येणार? मी तर नुसता टाकणारा. तरी तोंड उघडलं. म्हटलं, "चाचा, तुमी इतकी वर्षं हळद घेतली. मोठ्या गड्ड्याला काय म्हणतेत?"

"जेठा."

"आन् बाजूच्या बोटांना?"

"हळकुंड. इसमें क्या है?"

"ते मोंढ्यात. आमच्या हळदीतल्या बाया मोठ्या गड्ड्याला माय म्हणतेत. आन् हळकुंडांना लेकी. गड्ड्यापासून हळकुंडं मोडायची म्हंजी त्या म्हणतेत, लेकी वाटं लावायला बसलो. लेकी बाजारात जातेत. माय ठेवायची, बेणं म्हणून. ती पुढल्या सालाला परत मातीत."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. "हमारे पास आके तो कभी नहीं बोली कोई."

"तुमच्यापाशी त्या पोती घेऊन येत न्हाईत ना चाचा. गडी येतेत. बाया बांधावरच राहतेत. सुजाताचं म्हणणं तेच हाय. ही बोली बाजारापर्यंत येत न्हाई, म्हणून लोकांना वाटतं ती न्हाईच. आन् तिच्यात व्याकरण बी हाय. बाया दमल्यावर बोलतेत ते येगळं, सकाळी बोलतेत ते येगळं, मुकादम जवळ आला की येगळं. त्याचे नियम हायत. तिनं ते शोधून काढले."

"अच्छा!" चाचा म्हणाले. "और?"

मी सांगत गेलो. पहिलं प्रकरण, दुसरं प्रकरण, घरी तुझ्या तोंडून कानावर पडलं होतं तेवढं. मध्ये तुझं एक वाक्य जसंच्या तसं आलं तोंडात, आणि मी ते तुझ्याच पुस्तकी मराठीत म्हणालो. तुझ्या पलंगावरचा नवा माणूसही कड बदलून ऐकायला लागला होता. सिस्टर सुया काढायला आल्या तेव्हा चाचा त्यांना म्हणाले, "जरा ठैरो, बात चालू है." सिस्टर म्हणाल्या, "चाचा, मशीन संपली तुमची." मग चाचांनी मला विचारलं, "शुक्रवार को आते क्या? आगे का रह गया."

मी हो म्हणालो.

तिसरं प्रकरण मला नीट सांगता येत नाही, सुजाता. क्रियापदांचं आहे ते. संदर्भ सगळे मीच टाकलेत त्यातले, पण मजकूर कधी वाचला नव्हता. आज दुकानाचं शटर अर्धं ओढलंय आणि तुझी प्रत मांडीवर घेऊन बसलोय. एक पान वाचायला वेळ लागतो. काही शब्दांना अडखळतो, परत मागं जातो. आई दाराशी बसून शेंगा फोडते आहे. मधूनच विचारते, "समजून राहिलं का?"

समजून राहिलंय. सावकाश, पण समजून राहिलंय.